चंद्र उगवला, मीटर सापडेना

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, भाषा वक्त्यांचीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. "सर, तत्त्वज्ञान सोडून हे कॅमेऱ्याचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी काही छायाचित्रकार नाही. आयुष्य वर्गात फळ्यापुढे गेलं. पण निवृत्तीनंतर एक जुना लाकडी कॅमेरा हाती आला, आणि वर्गात तीस-पस्तीस वर्षं ज्या एका प्रश्नावर बोलत होतो, तो प्रश्न त्या कॅमेऱ्याने मला नव्याने शिकवला. तो असा: घाई आणि अचूकपणा एकत्र नांदू शकतात का?

घाटातल्या पाट्यांवर आपण वाचतो, अति घाई संकटात नेई. खरंच आहे ते. पण काही कामं अशी असतात की तिथे सावकाशपणाही संकटातच नेतो. सर्जनला विचारा. किंवा मावळत्या उन्हात कॅमेरा लावणाऱ्याला विचारा. आज आपण अशाच एका माणसाची, आणि त्याच्या आधीच्या जवळपास शंभर वर्षांची गोष्ट बघणार आहोत.

पेटी, भाता आणि काळं कापड

आधी हा कॅमेरा कोणता ते सांगतो. माझ्या वयाच्या श्रोत्यांना तो लगेच आठवेल. शाळेचा ग्रुप फोटो! मुख्याध्यापक मधल्या खुर्चीत, आपण मागे बाकावर उभे, आणि समोर तीन पायांच्या घोडीवर लाकडी पेटी. फोटोवाले काळ्या कापडात डोकं खुपसायचे आणि आत काहीतरी खुडबुड करत राहायचे. आपण उन्हात डोळे बारीक करून उभे. ते आत काय करत होते, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

या पेटीची रचना अगदी साधी. पुढे लेन्सची चौकट, मागे घासलेल्या काचेची चौकट आणि दोन्हींना जोडणारा हार्मोनियमसारखा भाता. लेन्समधून येणारी प्रतिमा काचेवर पडते, ती उलटी. डोकं खाली पाय वर, आणि डावं ते उजवं. ती दिसावी म्हणून काळं कापड. फोकस झाला की काचेच्या पुढे फिल्मचा होल्डर सरकवायचा, म्हणजे जिथे प्रतिमा होती तिथे आता फिल्म आली. ज्या क्षणी होल्डर आत जातो, त्या क्षणी छायाचित्रकार आंधळा होतो. पुढे काय चाललंय ते त्याला कॅमेऱ्यातून दिसत नाही. आधी जे लावलं, त्यावर विश्वास ठेवायचा.

एवढा खटाटोप का करायचा? फिल्मच्या आकारासाठी. 8 बाय 10 इंचाची फिल्म म्हणजे 80 चौरस इंच. आपण एकेकाळी रोलचे कॅमेरे वापरायचो, त्यांतली 35 मिलिमीटरची एक चौकट सव्वा-दीड चौरस इंचाच्या आसपास. म्हणजे साधारण साठपट फरक. भिंतीवरची वीट अन् वीट, पानाची शीर अन् शीर त्यात उतरते. ही पेटी घडी घालून डोंगरावर नेता आली, की तिला फील्ड कॅमेरा म्हणायचं.

घाई कुठे राहते?

आता इतिहास बघू. मला त्यात एक गमतीची गोष्ट दिसली. प्रत्येक काळात छायाचित्रकाराला घाई होतीच, पण ती घाई राहायची जागा बदलत गेली.

1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियनचा चिकट द्राव ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. वाळली की संपलं. हातात दहा-पंधरा मिनिटं, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणजे फोटो काढायला जायचं तर अख्खी अंधारखोली बरोबर हवी. 1855 साली रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेला तो घोडागाडीतच अंधारखोली करून. कार्लटन वॉटकिन्सने 1861 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत 18 बाय 22 इंचांच्या काचा नेल्या, खेचरांवर लादून. त्या काळात घाई रसायनात होती. डोंगर कुठे पळून जात नव्हता, काच वाळत होती.

ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत 1854 सालीच बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या पिढीतले प्रकाशचित्रकार. आणि हिमालयात सॅम्युएल बोर्न. हा पूर्वी बँकेत कारकून होता. 1863 मध्ये सिमल्याहून तो पहिल्या हिमालय-यात्रेला निघाला, सुमारे तीस हमाल बरोबर घेऊन. तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या. 1866 साली तो मणिरंग खिंडीत, 18,600 फुटांवर पोचला आणि तिथे त्याने काचा ओल्या करून फोटो घेतले. कल्पना करा. श्वास लागलेला, बोटं बधिर झालेली, आणि काचेवर द्राव असा ओतायचा की एकही ओघळ उठता कामा नये. तिथे घाईत केलेली चूक परत दुरुस्त करायला कोण वर चढणार?

दरम्यान पेटीही बदलत होती. 1857 मध्ये किनियर नावाच्या स्कॉटिश वास्तुविशारदाने निमुळता भाता असलेला कॅमेरा तयार करवून घेतला. निमुळता भाता दुमडला की घड्या एकात एक बसतात आणि कॅमेरा पुस्तकासारखा चपटा होतो. पुढच्या बहुतेक फील्ड कॅमेऱ्यांचं मूळ तिथे आहे.

मग 1871 साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखवला. काही वर्षांत तयार काचा पेटीतून मिळू लागल्या. तंबू गेला, बाटल्या गेल्या, बरेचसे हमालही गेले. लोकांना वाटलं, आता निवांत! पण घाई गेली नाही, तिने फक्त घर बदललं. रसायनातून उठून ती उजेडात जाऊन बसली. आता काच थांबायला तयार होती. ढग, ऊन, सावली मात्र थांबत नव्हती. आणि उजेडाशी शर्यत लावायची तर कॅमेरा लावण्याच्या हाताच्या कामातच वेळ वाचवायला हवा होता.

क्रम

ते हाताचं काम काय असतं, हे थोडं तपशिलात सांगतो. माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

पहिली गोष्ट, पेटी उघडण्याआधी जागा ठरवायची. रिकाम्या डोळ्यांनी, फार तर पुठ्ठ्यात चौकोन कापून त्यातून बघायचं. नवशिका आधी कॅमेरा लावतो आणि मग जागा शोधतो. चार पावलं डावीकडे हवं होतं हे लक्षात आलं, की सगळं लटांबर उचला. माझा निम्मा वेळ सुरुवातीला यातच जायचा.

मग तिपाई. उतार असेल तर एक पाय उताराच्या दिशेने. पाणपातळी बघून वरचं डोकं सपाट करायचं. तिपाई तिरकी राहिली तर पुढे प्रत्येक पायरीवर तो तिरकेपणा दुरुस्त करत बसावं लागतं. मग कॅमेरा बसवायचा, घडी उघडायची, आणि सगळे स्क्रू शून्यावर आहेत ना ते पाहायचं. काल कुठेतरी लेन्स तिरकी केली होती आणि ती तशीच राहिली, हा दोष काचेवर चटकन दिसत नाही, कागदावर दिसतो.

मग लेन्स. शटर उघडं, छिद्र पूर्ण मोठं, म्हणजे काचेवर भरपूर उजेड. डोक्यावर कापड. आधी ढोबळ फोकस, मग चौकट. देवळाचं शिखर कापलं जातंय? कॅमेरा वर वाकवायचा नाही. वाकवला की शिखर मागे कलंडल्यासारखं दिसतं. मागची चौकट ओळंब्यात ठेवायची आणि पुढची लेन्स वर सरकवायची. शिखर आत येतं आणि भिंती सरळ राहतात.

त्यानंतर लेन्स पुढे कलती करणं, ज्याला टिल्ट म्हणतात. पायाजवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत, तर काय करायचं? याचं गणित थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं. फुग्यांतून घेतलेल्या तिरप्या फोटोंवरून नकाशे कसे काढायचे, या कामात तो होता. 1904 च्या पेटंटमध्ये त्याने हे मांडलं, आणि त्याआधी 1901 मध्ये फ्रान्सच्या जूल कार्पांतिएनेही तीच कल्पना नोंदवली होती. नियम असा: फिल्मचं प्रतल, लेन्सचं प्रतल आणि जे स्पष्ट हवंय त्याचं प्रतल, ही तिन्ही वाढवली तर एका रेषेत मिळाली पाहिजेत. मिळाली, की जमीन पायापासून क्षितिजापर्यंत स्पष्ट.

पण मावळत्या उन्हात प्रतलं वाढवत कोण बसणार? कारागिरांनी त्याचं एका ओळीत सूत्र केलं. दूरच्यावर फोकस करा, जवळचं टिल्टने आणा, मग दोन्ही पुन्हा तपासा. हे का चालतं बघा. काचेवरची प्रतिमा उलटी असते, त्यामुळे दूरचा डोंगर काचेच्या खालच्या बाजूला येतो. अनेक फील्ड कॅमेऱ्यांत लेन्सची बिजागरीही खालीच असते. बिजागरीपाशी हालचाल थोडी, म्हणून डोंगर फारसा बिघडत नाही आणि वरचा दगड मात्र स्पष्ट होत जातो. सगळी भूमिती त्या एका ओळीत साठवलेली आहे.

पुढचं भराभर सांगतो. स्क्रू आवळा. भिंगाने कोपरे तपासा. उजेड मोजा. फिल्टर लावायचा असेल तर तो हिशेबात धरा. शटर बंद करा, छिद्र लहान करा, शटरचा खटका ताणून ठेवा. होल्डर सरकवा. डार्क स्लाइड ओढा. कॅमेरा थरथरायचा थांबू द्या. फोटो घ्या. स्लाइड उलटी करून परत घाला. तिच्या मुठीची एक बाजू पांढरी असते, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली.

शटर बंद करायला विसरून स्लाइड ओढली, तर फिल्म जळाली. छिद्र लहान करायला विसरलो, तर पांढरीफटक. या प्रत्येक चुकीची फी मी भरलेली आहे. (हशा) म्हणजे या कॅमेऱ्यावर वेग येतो तो हात जोरात चालवल्याने येत नाही. मागे फिरून पुन्हा तेच करावं लागत नाही, म्हणून येतो.

शेवटची काच

आता आपल्या माणसाकडे येऊ. ॲन्सेल ॲडम्स. जन्म 1902, सॅन फ्रान्सिस्कोचा. तरुणपणी त्याला पियानोवादक व्हायचं होतं आणि रोज तासन्‌तास रियाझ चालायचा. हे लक्षात ठेवा.

10 एप्रिल 1927. योसेमिटीतल्या हाफ डोम या प्रचंड कड्याचा फोटो घ्यायला तो मित्रांबरोबर बर्फातून चढून समोरच्या कातळावर गेला. पाठीवर काचेचा कॅमेरा, बरोबर फक्त बारा काचा. कड्यासमोर उभा राहिला तेव्हा दोनच उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली. आणि मग थांबला. हा कडा मला जसा जाणवतोय तसा या काचेवर येणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आकाश फिकट पडेल आणि कड्याचा दरारा जाईल. शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आला. शटर उघडण्याआधीच छापलेलं चित्र मनात पाहायचं, याला तो पुढे व्हिज्युअलायझेशन म्हणू लागला.

इथे उजेडाची घाई नव्हती, काचांची टंचाई होती. चौदा वर्षांनी दोन्ही गोष्टी एकदम आल्या.

हर्नांडेझ, 1941

1941 च्या शरद ऋतूत ॲडम्स अमेरिकन सरकारच्या अंतर्गत कारभार खात्यासाठी फोटो काढत फिरत होता. न्यू मेक्सिको राज्यात चामा नदीच्या खोऱ्यात एक अख्खा दिवस वाया गेला, मनासारखं काही मिळालं नाही. संध्याकाळी तो सान्ता फेकडे परत निघाला. गाडीत आठ वर्षांचा मुलगा मायकल आणि जुना मित्र सेड्रिक राइट. वाटेत हर्नांडेझ हे छोटं गाव आहे. सहज डावीकडे पाहिलं, तर पूर्वेला बर्फाच्या डोंगरांवर चंद्र वर आलेला. खाली गाव, एक चर्च आणि त्याच्या आवारातल्या थडग्यांवरचे पांढरे क्रूस. पाठीमागे सूर्य मावळत होता आणि त्याचं शेवटचं ऊन फक्त त्या क्रूसांवर होतं.

गाडी रस्त्याकडेला जवळजवळ घसरवतच त्याने थांबवली. आरडाओरडा सुरू. हे आण, ते आण! 8 बाय 10 चा कॅमेरा उभा राहिला. त्याची लेन्स तीन प्रकारे जोडता येणारी होती, तिचे भाग बदलले. चौकट ठरली, फोकस झाला. आणि लाइट मीटर सापडेना.

आता बघा. क्रम मोडला. उजेड मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि मोजायचं यंत्रच नाही. इथे बहुतेक जण काय करतील? मीटर शोधत राहतील, किंवा अंदाजाने काहीतरी लावून देवाचं नाव घेतील. ॲडम्सला एक गोष्ट आठवली: चंद्राची प्रखरता, दर चौरस फुटाला 250 कँडल.

पुढचा हिशेब तोंडी होता. तुम्हीही करू शकाल. 1939-40 च्या सुमारास त्याने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर झोन सिस्टिम बसवली होती. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या. पाचवी मधली करडी, आणि प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. चंद्र उजळ हवा, पण त्यावरचे डागही दिसायला हवेत, म्हणून त्याला सातव्या पायरीवर बसवलं. म्हणजे मधल्या पायरीवर त्याच्या चौथाई उजेड, 250 चे साधारण 60. फिल्मची गती 64, तिचं वर्गमूळ 8. नियम असा की छिद्र एफ 8 ठेवलं तर वेळ होते एक भागिले तो उजेड, म्हणजे एक-साठांश सेकंद. पिवळा फिल्टर तिप्पट उजेड मागतो, म्हणून एक-विसांश. पण सगळं स्पष्ट हवं म्हणून छिद्र एफ 32. तिथवर चार पायऱ्या, म्हणजे सोळापट वेळ. सोळा भागिले वीस, जवळजवळ एक सेकंद.

एक सेकंद. फोटो झाला. दुसरी प्रत असावी म्हणून त्याने होल्डर उलटा केला, स्लाइड ओढली, आणि क्रूसांवरचं ऊन गेलं. एकच निगेटिव्ह.

'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको'. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी हे एक.

नशीब की आणखी काही?

ही गोष्ट नेहमी दोन प्रकारे सांगतात. एक, काय नशीब! दोन, काय प्रतिभा! दोन्हींत खोट अशी की शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. नशीब शिकवता येत नाही आणि प्रतिभाही येत नाही.

गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने 1949 च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात एक भेद केला. अमुक गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. वर्गात इंग्रजीत हे शिकवताना मला नेहमी कष्ट पडायचे. मराठीत ते आयतंच आहे. पोहतात कसं हे मला 'माहीत' आहे, आणि मला पोहता 'येतं'. 'येतं' म्हणजे लागेल तेव्हा चालून येतं, बोलवावं लागत नाही.

पण राइल पुढे आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, आणि ती जास्त महत्त्वाची. नुसती सवय आणि कौशल्य एक नव्हे. सवय म्हणजे मराठीत अंगवळणी पडणं. जे अंगवळणी पडलं ते परिस्थिती तीच असेपर्यंत चालतं. कौशल्य परिस्थिती बदलली तरी जागं असतं.

हर्नांडेझला दोन्ही एकाच वेळी दिसतात. तिपाई, लेन्स, फोकस, हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं, म्हणून तीन-चार मिनिटांच्या उजेडात निभावलं. लहानपणापासूनचा रियाझ होता तो. पण मीटर हरवल्यावर अंगवळणी पडलेलं संपलं. त्या क्षणी उपयोगी पडलं ते, मीटर मुळात काय करतो हे कळलेलं असणं. ज्याला मीटरचा काटा वाचणं एवढंच येत होतं, तो तिथे थांबला असता.

आणि तरीही सगळं अचूक झालं असं समजू नका. ॲडम्स स्वतः ते लपवत नसे. चंद्राचा हिशेब बरोबर होता, पण खालच्या गावाचा उजेड किती, हे त्याला माहीत नव्हतं. गाव निगेटिव्हवर पातळ उमटलं. ते सांभाळायला त्याने फिल्म धुताना डेव्हलपर आणि साधं पाणी आळीपाळीने वापरलं. पाण्यात उजळ भागातला द्राव लवकर थकतो, अंधाऱ्या भागातला काम करत राहतो. तरी पुरलं नाही. 1948 साली त्याने निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने गडद करून घेतला. आणि पुढच्या वर्षांत छापताना आकाश अधिकाधिक काळं करत गेला. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि छाप म्हणजे वादन, असं तो म्हणत असे. पियानोवाला माणूस!

गंमत म्हणजे इतका काटेकोर माणूस, पण फोटोची तारीख लिहून ठेवायला विसरला. कुठे 1940, कुठे 1944 असं छापून येत राहिलं. शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राच्या जागेवरून काळ काढला. आधी डेव्हिड एल्मोर यांनी 31 ऑक्टोबर 1941 काढली. मग 1991 मध्ये डेनिस डी चिक्को यांनी त्या रस्त्याची जागा नीट शोधून हिशेब सुधारला: 1 नोव्हेंबर 1941, दुपारचे 4 वाजून 49 मिनिटं 20 सेकंद. ॲडम्स 1984 मध्येच गेला होता. कॅमेरा इतका सरळ लावलेला होता की पन्नास वर्षांनी त्यातून सेकंद वाचता आले. ज्याला वर्ष आठवत नव्हतं, त्याच्या हाताने वेळ बिनचूक नोंदवून ठेवली होती.

मेणवलीचा घाट

आता माझी एक गोष्ट, आणि संपवतो.

कॅमेरा घेतल्यावर दुसऱ्या वर्षी मी थोरल्या भावाला घेऊन वाईजवळ मेणवलीला गेलो. कृष्णेचा घाट, वर नाना फडणवीसांचा वाडा. दादाला तिथे पायरीवर बसून फोटो हवा होता. सकाळी देवळाच्या शिखरावर पहिलं ऊन आलं, तेव्हा मी आधी देवळाचा फोटो घेतला. मग दादाला बसवलं. तो म्हणाला, "तुझं होईस्तोवर मी म्हातारा होईन." तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता. (हशा) ऊन पायऱ्यांवर सरकत होतं, मला घाई झाली. फोकस उत्तम, हिशेब बरोबर, सगळं झालं. आनंदाने घरी आलो.

फिल्म धुतली तर दादाच्या छातीवर देवळाचं शिखर. पहिल्या फोटोनंतर स्लाइड उलटी करायची राहिली होती. पांढरी बाजू बाहेर, म्हणून ती फिल्म कोरी समजून मी तीच पुन्हा वापरली. दादाला म्हटलं, पावसाळा संपला की परत जाऊ. तो पावसाळा त्याने पाहिला नाही.

मला त्यावेळी सगळं माहीत होतं. कागदावर क्रम लिहिलेला खिशात होता. येत नव्हतं, एवढंच.

एक प्रश्न

एका श्रोत्यांनी विचारलं: नव्याने शिकणाऱ्याने सराव कसा करावा?

फिल्म न घालता. घराच्या गच्चीवर रोज एकदा कॅमेरा पूर्ण लावायचा, काढायचा, पुन्हा पेटीत ठेवायचा. प्रत्येक वस्तूची जागा ठरवायची. मीटर नेहमी डाव्या खिशात, भिंग गळ्यात दोरीला. अंधारात हात घातला तरी सापडलं पाहिजे. घड्याळ लावायचं, पण वेग वाढवायला नाही, कुठे अडखळतो ते कळायला. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम काहीतरी घरी ठेवून जायचं. एकदा मीटर, एकदा पाणपातळी. त्यावाचून कसं भागवायचं हे शोधलं, की ती वस्तू काय करत होती हे कळतं.

मला स्वतःला पहिल्यांदा बावीस मिनिटं लागली होती. आता हात गरम असतील तर सहा-सात, थंडीत दहा. स्लाइड परत घालताना मात्र मी मोठ्याने म्हणतो, "काळी बाहेर." घरात चेष्टा होते, होऊ दे.